सांध्यांतले सांगावे



या व्याख्यानमालेत गेली तीसेक वर्षे मी तुमच्यासारखाच समोरच्या खुर्चीवर बसून ऐकत आलो आहे. इथे संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, सीमाभागाच्या इतिहासावर बोलणारी जाणती माणसे येऊन गेली. त्या जागेवर उभे राहून एका होमिओपॅथिक डॉक्टरने काय बोलावे, हा प्रश्न मला पडला होता. चिटणीसांनी एकच अट घातली. म्हणाले, "डॉक्टर, शुगर आणि बीपी सोडून बोला. ते आता सगळ्यांना पाठ झालेय." मग मी आमवात निवडला. त्याला कारण एक बाई आहेत. त्यांचे नाव आणि गल्ली मी सांगणार नाही.

१९९६ च्या पावसाळ्यात त्या माझ्याकडे आल्या. वय चाळीसच्या आसपास. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसांत प्रत्येक दुसऱ्या पेशंटची तक्रार सांधे धरल्याची असते. त्या म्हणाल्या, "सकाळी भाकरी थापायला हातच उघडत नाहीत हो डॉक्टर. दहा वाजले की मग सुटतात." हातातली काकणे बोटांच्या पेरांवरून निघत नव्हती. दोन्ही हातांची मधली पेरे सुजलेली, दाबले की मऊ लागणारी. गरम पाण्यात हात धरला की बरे वाटायचे, हालचाल सुरू झाली की आणखी बरे. आमच्या शास्त्रात हे ऱ्हस टॉक्सचे अगदी पुस्तकी चित्र. मी ते औषध दिले. त्यांना बरे वाटले. ईएसआर सत्तरीतून पंचेचाळीसवर आला. मी खूश, त्याही खूश.

असे जवळजवळ तीन वर्षे चालले. कधी बरे, कधी वाईट. १९९९ मध्ये त्यांचा भाऊ त्यांना मिरजेला घेऊन गेला आणि तिथे हातांचा एक्स-रे निघाला. तो घेऊन त्या परत माझ्याकडे आल्या, भांडायला नव्हे, दाखवायला. बोटांच्या हाडांच्या कडा उंदराने कुरतडाव्यात तशा दिसत होत्या आणि बोटे करंगळीच्या बाजूला कलायला लागली होती. तिथल्या डॉक्टरांनी एवढेच विचारले होते, की इतके दिवस काय करत होतात. ते उत्तर द्यायचे होते मी, त्यांनी नव्हे.

त्यानंतर मी हा विषय वाचायला लागलो. आज त्यातलेच थोडे सांगतो.

आपल्याकडे 'संधिवात' हा एक मोठा पिशवीसारखा शब्द आहे. सत्तरीतल्या आजीचे गुडघे वाजतात तोही संधिवात आणि पस्तिशीतल्या सुनेची बोटे सुजतात तोही संधिवात. पहिला झिजेचा आहे. कूर्चा म्हणजे सांध्यातली गादी विरते, चालले की दुखते, बसले की थांबते. दुसऱ्याचे सगळेच उलटे. विश्रांतीने आखडतो, हालचालीने सुटतो. हाताची, पायाची लहान पेरे धरतो आणि बहुधा दोन्ही बाजूंची एकदम धरतो. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने होतो. इंग्लंडच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असे नाव दिले. आपल्याकडे माधवनिदानात त्याच्या कितीतरी आधी आमवाताला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. आयुर्वेदातला आमवात आणि हा आजार तंतोतंत एकच, असे मी म्हणणार नाही. पण वाताच्या इतर दुखण्यांपासून तो वेगळा काढावा, एवढे त्या वैद्यांना दिसले होते. आज घराघरात आपण ते परत एका पिशवीत टाकले.

आता हा आजार होतो कसा? बोटात बाभळीचा काटा मोडला असे समजा. जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. हे काट्याने केलेले नसते, आपल्याच शरीराने केलेले असते. तिथल्या पेशी हाक मारतात, रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जागेवर धावतात. ही हाक म्हणजे आरडाओरडा नसतो, ती काही लहान प्रथिनांच्या रूपाने जाते. एक पेशी ते प्रथिन बाहेर सोडते, दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्याच्या मापाचे एक कुलूप असते, त्यात ते बसते आणि त्या पेशीचे वागणे बदलते. या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. शब्द ग्रीकवरून घडवला आहे, पेशी आणि हालचाल यांवरून. तो स्टॅन्ली कोहेन यांनी १९७४ मध्ये रूढ केला. मी त्याला आपल्या गावाकडच्या शब्दात सांगावा म्हणतो. सांगावा आला की माणूस हातातले काम टाकून निघतो, तसेच आहे हे.

या सांगाव्यांचे प्रमाण किती, तर एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले मूठभर भाग रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये पुरतात. यातला पहिला ठळक शोध १९५७ चा. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी पाहिले, की विषाणूची बाधा झालेल्या पेशी असे काही सोडतात की शेजारच्या पेशी सावध होतात. त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटले. त्यानंतर असे डझनावारी सांगावे सापडले. काही 'या' म्हणणारे, काही 'वाढा' म्हणणारे, आणि काही 'आता पुरे, परत फिरा' म्हणणारे. काटा निघाला की शेवटचा सांगावा जातो आणि बोट चार दिवसांत पूर्वीसारखे होते.

आमवातात काटा नाहीच. तरी सांगावे सुटत राहतात आणि 'पुरे' म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

सुरुवात कुठे होते, हे मोठे चमत्कारिक आहे. सांध्यात दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी, कधी चार-पाच वर्षे आधी, रक्तात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. हॉलंडमधल्या रक्तदात्यांचे जुने, गोठवून ठेवलेले नमुने तपासताना हे लक्षात आले. आपल्या प्रथिनांतल्या एका घटकात थोडा बदल होतो, त्याला सिट्रुलिन म्हणतात, आणि शरीर ते परके समजून बसते. हा बदल फुप्फुसात, हिरड्यांत होत असावा असे दिसते. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या रक्तात ठराविक वारसा आहे त्यांना, धोका का जास्त, याचा धागा इथे मिळतो. आपल्या निपाणीच्या पट्ट्यात विडी ओढणे वर्षानुवर्षे घराच्या ओसरीवरची गोष्ट होती, म्हणून मुद्दाम सांगतो. अँटी-सीसीपी नावाची जी रक्ततपासणी आता आपल्या शहरात सहज होते, ती याच प्रतिपिंडांची. जुनी आरए फॅक्टर ही तपासणी धडधाकट माणसातही कधी कधी पॉझिटिव्ह येते. अँटी-सीसीपी सहसा उगाच येत नाही.

नुसत्या प्रतिपिंडांनी मात्र सांधा मोडत नाही. सांध्याच्या आतल्या बाजूला एक तलम अस्तर असते, एक ते तीन पेशींच्या जाडीचे. त्याचे काम सांध्याला वंगण पुरवायचे. आमवातात या अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी होते, अस्तर जाड होते आणि पुढे रानात बेफाम वाढलेल्या वेलीसारखे कूर्चेवर आणि हाडावर पसरत जाते. आधी सांगितलेला मऊ सुजेचा स्पर्श तो हाच. हे सगळे ज्यांच्या जोरावर चालते ते तीन मुख्य सांगावे: टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६. बाकीचे आणखी आहेत, पण या तिघांची ओळख पुरेशी आहे.

टीएनएफ रक्तवाहिन्यांना दारे उघडायला लावतो आणि इतरांना जागे करतो. आयएल-१ कूर्चा खाणारी द्रव्ये सोडायला लावतो. तिघे मिळून हाड पोखरणाऱ्या पेशींना कामाला लावतात; त्या पेशी सगळ्यांच्या हाडात असतात, जुने हाड काढून नव्याला जागा करण्यासाठी. इथे त्यांना काढायला सांगणारे असतात, भरायला सांगणारे कोणी नसते. त्या बाईंच्या एक्स-रेमधल्या कुरतडलेल्या कडा या पेशींच्या.

आयएल-६ ची गोष्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, कारण पेशंटच्या कितीतरी तक्रारींचा उलगडा त्यात आहे. हा सांगावा सांध्यात राहत नाही, रक्तातून यकृतापर्यंत जातो. यकृत मग सीआरपी नावाचे प्रथिन ढिगाने करायला लागते, आणि रिपोर्टवर आपण जो आकडा वाचतो तो हा. तोच आयएल-६ यकृताकडून हेप्सिडिन नावाचे दुसरे एक द्रव्य करवून घेतो. हेप्सिडिन वाढले की आतड्यातून लोह आत येत नाही आणि साठवलेले लोह बाहेर पडत नाही. आमवाताच्या बायका मला सांगायच्या, "वर्षभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, खजूर खाल्ला, गूळ-शेंगदाणे खाल्ले, हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नाही." मी पथ्यपाण्याला दोष देत असे. कोठाराला कुलूप लावलेले होते, आणि मी दारात आणखी पोती टाकत होतो. सूज उतरली की हिमोग्लोबिन आपोआप चढते, हे मी नंतर डोळ्यांनी पाहिले. या आजारात आयएल-६ पहाटे सर्वांत वर असतो. सकाळी हात का उघडत नाहीत, याचे कारण पावसात किंवा गार फरशीत शोधण्याआधी हे ध्यानात घ्यावे. आणि तो थकवा! घरचे म्हणतात आळस, सासू म्हणते नखरे. थकवा हाही या सांगाव्यांचाच परिणाम आहे, फ्लू झाल्यावर अंग मोडून येते त्याच जातीचा. त्यात नाटक नसते.

आता टीएनएफचा इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण तो मला एखाद्या कादंबरीसारखा वाटतो. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या सर्जनने कॅन्सरच्या गाठींमध्ये मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली. त्याने पाहिले होते, की कधी कधी विसर्पासारखा जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर गाठ विरते. काही गाठी खरोखर विरल्या, काही पेशंट दगावले. का विरल्या ते त्याला कधी कळले नाही. १९७५ मध्ये त्याच शहरात लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी ते द्रव्य ओळखले आणि त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर असे नाव दिले, म्हणजे गाठ मारणारा. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत लोक आजारी जनावरे झिजून का मरतात ते शोधत होते. त्यांना सापडलेले द्रव्यही १९८५ मध्ये तेच निघाले. म्हणजे ज्याला औषध म्हणून शोधायचे तोच मारेकरीही होता. नाव मात्र गाठ मारणारा असेच राहिले आणि आज तो कॅन्सरपेक्षा सांध्यांच्या दवाखान्यात जास्त उच्चारला जातो.

लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी हे दोघे वेगळाच प्रश्न विचारत होते. मैनी हे लुधियानात जन्मलेले. प्रश्न असा, की सुजलेल्या सांध्यात इतके सांगावे एकदम फिरताना दिसतात, त्यांत मुकादम कोण आणि मजूर कोण? त्या काळचे बहुतेक शास्त्रज्ञ म्हणत, की एकाला अडवून काही होणार नाही, त्याच्या जागी दुसरा काम करील. त्यांच्या सहकारी फिओनुला ब्रेनन यांनी पेशंटच्या सांध्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या आणि त्यात फक्त टीएनएफला बांधून टाकणारे प्रतिपिंड घातले. १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आला: टीएनएफ बांधला की आयएल-१ सुद्धा खाली येतो. पुढे इतरही खाली येताना दिसले. मुकादम सापडला होता.

माणसाला देण्यासारखे प्रतिपिंड एका अमेरिकन कंपनीकडे होते. ते दुसऱ्याच कामासाठी, रक्तातल्या भयंकर जंतुदोषासाठी, बनवले होते. १९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये, बाकी सगळी औषधे थकलेल्या वीस पेशंटना ते दिले. सूज उतरली, ताठरपणा गेला, सीआरपी कोसळला. काही आठवड्यांनी सगळे परत आले; औषध पुन्हा दिल्यावर पुन्हा उतरले. वीस जणांवर आणि सगळ्यांना ठाऊक असताना दिलेले औषध, याला शास्त्र पुरावा मानत नाही, आणि बरोबर मानत नाही. म्हणून युरोपातल्या चार केंद्रांत त्र्याहत्तर पेशंट घेतले, कोणाला औषध आणि कोणाला नुसते सलाईन हे ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरला. १९९४ मध्ये निकाल आला. चार आठवड्यांनी, नुसते सलाईन मिळालेल्या चोवीसपैकी दोघांना ठरलेल्या मोजपट्टीवर सुधारणा होती. जास्त मात्रा मिळालेल्या चोवीसपैकी एकोणिसांना.

तो आकडा वाचून मी बराच वेळ बसून राहिलो होतो. सलाईनवाल्यांतही दोघे सुधारले, हेही मी वाचले. माझ्या पेशंटचा ईएसआर सत्तरीतून पंचेचाळीसवर आला होता, तो यातल्या कोणत्या रांगेत बसतो, हे मी स्वतःला विचारायला हवे होते. हा आजार स्वतःहून चढतो, उतरतो. उताराच्या वेळी दिलेल्या कोणत्याही गोळीला श्रेय मिळते. आमच्या दवाखान्यांत, आणि केवळ आमच्याच नाही, हे रोज घडते.

त्या औषधाचे नाव इन्फ्लिक्झिमॅब. पाठोपाठ इटानरसेप्ट आणि २००२ अखेरीस अडालिमुमॅब आले. इकडे जपानमध्ये ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांनी १९८६ मध्ये आयएल-६ चा जनुक ओळखला होता. त्याच्या कुलपातच बसून सांगाव्याला वाट न देणारे टोसिलिझुमॅब हे औषध तिथूनच निघाले. त्याची एक गंमत डॉक्टरांनी लक्षात ठेवावी: ते घेणाऱ्याला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी चढत नाही, कारण चढवणाऱ्याचेच तोंड बंद असते.

पुढची पायरी आणखी आत गेली. सांगावा कुलपात बसला की पेशीच्या आत निरोप पुढे द्यायला जेएके नावाची विकरे असतात. एका रोमन देवतेला दोन तोंडे होती, एक पुढे पाहणारे आणि एक मागे, तिच्यावरून नाव ठेवले आहे. आयएल-६ सारखे अनेक सांगावे याच वाटेने पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतात. ही वाट अडवणारी टोफासिटिनिब ही गोळी अमेरिकेत २०१२ मध्ये संमत झाली. इंजेक्शन नको, तोंडाने घ्यायची. लोकांना आवडली. मग २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर कडक इशारा लावला: पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या पेशंटच्या मोठ्या अभ्यासात हृदयविकार, रक्तात गुठळ्या आणि काही कॅन्सर यांचे प्रमाण टीएनएफ अडवणाऱ्या औषधांपेक्षा जास्त दिसले होते.

आपल्यासाठी सगळ्यात मोठा इशारा टीबीचा आहे. आपल्या देशात कितीतरी लोकांच्या अंगात टीबीचे जंतू मुक्कामाला असतात, पण आजार नसतो. शरीराने त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींची गढी बांधून त्यांना कोंडलेले असते, आणि त्या गढीच्या भिंती उभ्या ठेवायचा हुकूम टीएनएफचा. टीएनएफ अडवला की भिंत ढासळते. २००१ मध्ये अमेरिकेतून इन्फ्लिक्झिमॅब घेतल्यानंतर टीबी झालेल्या सत्तर पेशंटची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बऱ्याच जणांचा टीबी फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. म्हणून ही औषधे सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करतात, लपलेला टीबी निघाला तर आधी त्याचे औषध देतात. पेशंटने स्वतःहून सांगावे की घरात कोणाला टीबी होता का. लाजू नये. आपल्याकडे लग्न जुळवताना लपवलेला टीबी पुढे दवाखान्यातही लपवतात, ते मी पाहिले आहे.

किंमत हा दुसरा अडथळा. यात थोडा दिलासा अहमदाबादहून आला. २०१४ च्या डिसेंबरात झायडस कॅडिलाने अडालिमुमॅबची देशी आवृत्ती बाजारात आणली, जगातली पहिली, आणि अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. तरीही नोकरदार कुटुंबाला ती जड आहे. आणि मुख्य म्हणजे बहुतेकांना तिची गरज पडत नाही.

कारण पहिले औषध अजूनही जुनेच आहे, मेथोट्रेक्सेट. त्याच्या मुळाशी आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली फॉलिक अ‍ॅसिड आणि मग त्याची नक्कल करणारी औषधे तयार झाली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतले एक १९४७ मध्ये रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिले. १९४८ मध्ये सुब्बाराव वारले. त्याच औषधाची अगदी थोडी मात्रा सांध्यांवर चालते, हे १९५१ मध्ये पहिल्यांदा लिहिले गेले आणि पुढची तीसेक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. अमेरिकेत आमवातासाठी रीतसर संमती मिळाली ती १९८८ मध्ये. माझी पेशंट माझ्याकडे आली त्याच्या आठ वर्षे आधी.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट इथे बसलेल्या प्रत्येकाने पाठ करावी. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघते, रक्तातल्या पेशी खाली जातात आणि माणूस दगावू शकतो. ही चूक अजून होते, कारण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. वार ठरवा, तो वार चिठ्ठीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घ्या, सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका, रक्त आणि यकृत ठरलेल्या दिवशी तपासा, दारू वर्ज्य. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगून हे औषध थांबवावे लागते.

काळ्या गोळ्या आणि बिननावाच्या पुड्या यांच्याबद्दलही बोलायला हवे. आठवडी बाजारात मिळतात, दोन दिवसांत सांधे मोकळे होतात. दोन दिवसांत मोकळे करणारे एकच औषध बहुधा त्यात असते, स्टेरॉइड. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. स्टेरॉइड एकेका सांगाव्याला अडवत नाही, सांगावे लिहिले जातात ते दप्तरच बंद करते. म्हणून इतके झटपट. आणि म्हणूनच चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे. तज्ज्ञ ते मोजून, थोडे दिवस देतात. पुडी घेणाऱ्याला मोजमापच माहीत नसते, आणि महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम बंद केली तर तेही जिवावर बेतते.

तुम्ही विचाराल, मग डॉक्टर, तुम्ही स्वतः काय करता? मी होमिओपॅथीच करतो, चाळीस वर्षे करत आलो आहे आणि पेशंटचे ऐकून घेण्याची सवय मला तिनेच लावली. पण आमच्या गोळ्यांनी हाडाची झीज थांबते, असा पुरावा मी पाहिलेला नाही, आणि त्या एक्स-रेनंतर तसा दावा करायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून दोन्ही हातांची पेरे सुजलेली, सकाळी तासभर आखडणारी बाई आली, की मी रक्त तपासायला लावतो आणि त्याच आठवड्यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे चिठ्ठी देतो. युरोपातले तज्ज्ञ सांगतात, की सूज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाकडे आणि तीन महिन्यांत औषधावर पोचावे. ते अस्तर एकदा हाडात शिरले, की सांगावे बंद केले तरी गेलेले हाड परत येत नाही. चिठ्ठी दिल्यावर काही पेशंट नाराज होतात. "इंग्लिश औषध नको म्हणून तर तुमच्याकडे आलो," म्हणतात. एकदोघे परत आले नाहीत, दुसऱ्या होमिओपॅथकडे गेले. त्याला इलाज नाही.

त्या बाईंना १९९९ मध्येच मिरजेहून मेथोट्रेक्सेट सुरू झाले. सूज उतरली, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले, रात्री झोप लागायला लागली. बोटे मात्र कललेलीच राहिली. भाकरी मग सून थापायची, त्या पीठ मळून द्यायच्या, तेही मनगटाने.

२०१५ मध्ये त्यांची मुलगी माझ्याकडे आली. रक्ताच्या नात्यात हा धोका काही पटींनी जास्त असतो, हे मी तिला आधी सांगून ठेवले होते. तिने दारातूनच दोन्ही मुठी पुढे केल्या. "डॉक्टरकाका, तीन आठवडे झाले. मूठ मिटत नाही." मी तिचा हात हातात घेऊन पेरे दाबली आणि औषधाच्या कपाटाकडे न वळता चिठ्ठीचा कागद ओढला. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आले. पाचव्या आठवड्यात तिचे औषध सुरू झाले. आता दर तीन महिन्यांनी रिपोर्ट दाखवायला येते, औषध तिकडचे, दाखवायचे मात्र मला. मी दर वेळी एकच प्रश्न विचारतो, गोळीचा वार कोणता. ती हसून म्हणते, "रविवार हो काका, रविवार."